सूत कमी पडलं नव्हतं, विहीणबाई

विहीणबाई, सूत मी संपवलं. गोष्टीतल्या त्या बाईच्या घरात सूत भरपूर होतं. कापूस होता, माग होते, हाताखाली दासी होत्या. एवढ्या मोठ्या सरदाराची बायको ती, तिला काय कमी? पण तोक्योतल्या फुनाबोरीच्या सभागृहात, आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, पैठणी नेसून आणि माईक हातात धरून मी तिचं सूत संपवून टाकलं. टाळ्या पडल्या. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. तुमचे हात मांडीवर होते.

मला वाटलं होतं, तुम्ही खूश व्हाल. तुमची लेक बर्नाली माझी सून. तुम्ही जोरहाटहून नुकत्याच कायमच्या इकडे आला होतात, एका घरात दोन आज्या नांदायला लागल्या होत्या, आणि मला तुमच्यावर जरा छाप पाडायची होती. कोबेत माझं निम्मं आयुष्य गेलेलं. नवरा गेल्यावर मुलाकडे तोक्योला आले, तेव्हापासून या घरातली मोठी बाई मी. आता दुसरी आली तर तिला कळायला नको, की ही विहीण साधी नाही, हिला तुमच्या आसामची गोष्टसुद्धा सांगता येते? गोष्ट तुमच्याकडूनच ऐकली होती, हा भाग वेगळा.

आहोम राजाच्या एका मोठ्या सरदाराची बायको मूला गाभरू. पश्चिमेकडून फौज चालून आली आणि नवरा लढाईला निघाला. तिकडची रीत अशी, की नवरा युद्धावर जायचा त्याच्या आदल्या रात्रीत बायकोने कापूस पिंजायचा, सूत काढायचं, कापड विणायचं आणि पहाटे ते त्याच्या अंगावर घालायचं. कवच कापोर. एका रात्रीत कापसाचं कापड झालं पाहिजे, मग शस्त्र लागत नाही. मूलाच्या हातून ते कापड झालं नाही. नवरा तसाच गेला आणि पडला. मग ती स्वतः तलवार घेऊन निघाली, बरोबर बायका घेतल्या, आणि लढता लढता गेली.

कापड का झालं नाही? तर तिची पाळी आली होती. मागाला शिवायचं नाही. सगळी गोष्ट या एका खिळ्यावर टांगलेली आहे, आणि माझी जीभ नेमकी त्या खिळ्याला अडकली. समोर मुलं. वॉर्डाच्या कचेरीतून बोलावलेले दोन जपानी पाहुणे, मान हलवत बसलेले. आमच्या पिढीत या गोष्टीला नाव नव्हतं हो. ‘कावळा शिवला’ म्हणायचं, ‘बाहेरची आहे’ म्हणायचं, नाहीतर नुसतीच मान तिरकी करायची. आता स्टेजवर कावळा कुठून आणू? मी डोळे मोठे केले, हात कपाळाला लावला आणि म्हणाले, “पण हाय! मध्यरात्री सूत संपलं!”

स्टेजवरचं माझं ते सोंग आता आठवलं की मला हसू येतं. पैठणी काय, ते ‘हाय’ काय. साठी उलटलेली, आणि गॅदरिंगमधल्या आठवीतल्या मुलीसारखी लाडात आलेली.

घरी येताना कालव्याच्या काठाने चाललो होतो. बाकीचे पुढे गेले होते. तुमचं मराठी पुण्यात शिकलेलं. बर्नालीच्या कॉलेजसाठी तुम्ही तिथे बिऱ्हाड केलं होतं, त्या वर्षांचं. सगळं बोलायचात, फक्त पुल्लिंग-स्त्रीलिंगाची तुम्हाला पर्वा नव्हती.

“बाइदेउ, तुम्ही तिला आळशी केला,” तुम्ही म्हणालात. तुमच्याकडे मोठ्या बहिणीला बाइदेउ म्हणतात. माझं वय काढल्याशिवाय तुमचं वाक्य सुरूच व्हायचं नाही.

“आळशी कुठे? सूत संपलं, त्यात तिचा काय दोष?”

“नवरा लढाईला चालला आणि घरात सूत नाही? कुठली बाई असा घर चालवते? आधी दोष त्या रीतीचा होता. तुम्ही तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.”

“अहो, समोर मुलं होती.”

“मुलं कुठून आली?” तुम्ही विचारलंत.

मी हसले, बराच वेळ. तुम्ही हसला नाहीत. हे माझ्या लक्षात घर आल्यावर आलं, चपला काढताना.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. पण माझी चूक मुलांच्या फार आवडीची निघाली. आपली नात अनू तेव्हा प्राथमिक शाळेत होती. शाळेत ‘आजीकडून ऐकलेली गोष्ट’ लिहून आणायला सांगितलं, तर पोरीने मूला गाभरू लिहिली, तीही जपानीत, चित्रासकट. राणीच्या हातात रिकामं रीळ. शेवटी तात्पर्य होतं: म्हणून आपलं सामान आदल्या दिवशीच तपासून ठेवावं. जपानी शाळेला याहून लाडकं तात्पर्य कुठलं असणार? वासुरेमोनो, म्हणजे घरी विसरलेली वस्तू, हे तिथलं महापाप. बाईंनी लाल शाईने मोठं फूल काढून दिलं आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. आता या शहरात कुठेतरी बावीस-पंचवीस जपानी पोरं मोठी होतायत, ज्यांच्या डोक्यात आसामची एक बाई आहे. तिने दप्तर नीट भरलं नाही, म्हणून तिचा नवरा मेला.

तुम्ही तो कागद हातात घेऊन बघितलात. जपानी तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळलं. अनूच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, “किती सुंदर रंगवलंस, मैना.” मग आत गेलात आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाहीत. मी सांगत होते, “दुपारची झोप लागली असेल.”

पुढच्या एका वर्षी मंडळातल्या मुलांनी त्यावर नाटुकलं बसवलं. कुणाची तरी मुलगी मूला झाली होती, पुठ्ठ्याचा चरखा होता. सूत संपतं त्या जागी निवेदन करणाऱ्या कुणाच्या तरी बाबांनी पदरचं घातलं: “त्या काळी कोपऱ्यावर कोन्बिनी असतं, तर सरदार वाचला असता!” तोयोसूच्या ऑफिसातून तसेच आलेले सगळे बाप खळखळून हसले. चोवीस तास उघडं दुकान, विनोद वाईट नव्हता. मी पण हसले. हसता हसता बाजूला बघितलं, तर तुमची खुर्ची रिकामी. बाहेर तुम्ही चपलांच्या कप्प्यांपाशी उभ्या होतात. चपला घातलेल्या, जायचं कुठेच नाही.

मला तेव्हा राग आला होता तुमचा. एका गोष्टीवरून एवढं काय! शेकडो वर्षांपूर्वीची बाई, ती काय तुमची मावशी लागते? असं मी बर्नालीला म्हटलंसुद्धा. बर्नाली काही बोलली नाही. तिला माझ्यापुढे गप्प बसायची सवय मीच लावली होती. नवी नवरी होती तेव्हा कोबेच्या घरी गणपतीत मी तिच्या हातातून मोदकांचं पुरण काढून घेतलं होतं आणि तिला खिडकीपाशी बसवलं होतं, चार दिवस. बाहेर बंदर, क्रेना, जहाजं, सतराव्या मजल्यावर वॉशिंग मशीन गाणं म्हणून कपडे झाल्याचं सांगतंय, आणि आत माझं कावळ्याचं राज्य सुखाने चाललेलं. जपानमध्ये आले, पण त्या कावळ्याला मी बोटीत बसवून बरोबर आणला होता. इथले कावळे धिप्पाड आहेत, कचऱ्याच्या पिशव्या फोडतात. माझा त्यांच्याहून धिप्पाड होता.

मग ती कॉइन लाँड्रीतली दुपार. घरात रजया वाळत नव्हत्या म्हणून आपण दोघी ढीग घेऊन गेलो होतो. आजूबाजूला कोणी नव्हतं. ड्रायरच्या गोल काचेत रजई उलटीपालटी होत होती, आणि तुम्ही तिच्याकडे बघतच बोलायला लागलात.

तुमचे मिस्टर पाटबंधाऱ्यात इंजिनीअर होते. पुराच्या दिवसांत बंधारा बघायला होडीतून गेले आणि होडी उलटली, एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्या सकाळी तुम्ही मागच्या खोलीत होतात. तुमच्या घरी माणूस लांब निघाला की बायकोने दारात त्याच्या हातात पान-सुपारी द्यायची. ती त्या दिवशी तुमच्या नणंदेने दिली. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, “येतो गं.” तुम्ही उत्तर दिलं नाहीत, कारण सासूबाई अंगणात होत्या आणि अशा दिवसांत खिडकीतून बोलायचं नसतं.

“मग सुतकात नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, नेमका त्याच दिवशी हिला आडवं यायचं होतं. जसा काय मी तारीख ठरवला होता,” तुम्ही म्हणालात. “ते पण मी गिळला असता, बाइदेउ. पण पुढे काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मूला गाभरू निदान मागून गेली तरी.”

रजई फिरत होती.

ज्या बाईची गोष्ट मी पैठणी नेसून सांगितली, तीच गोष्ट तुमच्या अंगावर कुणीतरी फेकून मारलेली होती. ‘ती निदान मागून गेली तरी.’ म्हणजे तू का नाही गेलीस? तुम्ही चार वर्षांच्या बर्नालीला घेऊन ते घर सोडलंत, शाळेत भूगोल शिकवलात आणि मागून गेला नाहीत.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “अजून ओलसर आहे का हो ही? आणखी थोडा वेळ लावू या?”

शब्द सापडले नाहीत, एवढं सरळ कारण होतं. पण शब्द सापडत नसले तर माणूस गप्प बसू शकतो. मला गप्प बसायची सवय नाही. तुम्ही हो म्हणालात. ड्रायर पुन्हा लावला. निघताना रजईचं एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या, घडी घालत आपण एकमेकींच्या जवळ येत होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, “बाइदेउ, एकदा नीट सांगा. त्याच स्टेजवरून. तोच शब्द घेऊन. मी पहिल्या रांगेत बसते.”

“सांगते की. यंदाच्या दिवाळीत सांगते.”

विहीणबाई, तुमच्यावर माझा राग आहे तो इथे. तुम्ही स्वतः का नाही उठलात? तीस वर्षं वर्ग गाजवलेली बाई. तुमचा आवाज खालच्या मजल्यावरच्या जपानी आजोबांना पाठ झाला होता. माईक काय, तो कुणाच्याही हातात देतात आमच्याकडे, गाता न येणाऱ्यांनाही देतात. मी विचारलंही होतं, एदामामेच्या शेंगा सोलता सोलता. तुम्ही शेंग दाबून दाणा वाटीत उडवलात आणि म्हणालात, “मी सांगितली तर ती विधवेची तक्रार होईल. तुम्ही सांगितली तर गोष्ट होईल.”

बरोबर होतं. म्हणूनच जास्त राग आला.

त्या शेंगांवरच आपलं भांडण सुरू व्हायचं आणि शेंगा संपल्या तरी चालायचं. मी म्हणायची, ती सूड घ्यायला गेली, शूर होती म्हणून गेली. तुम्ही म्हणायचात, “शूर होती, कोण नाही म्हणतं? पण घरात थांबली असती, तर त्या घरातल्या बायकांनी तिला जगू दिला असता? लढाईत एकदाच मरायचं होतं.”

“म्हणजे तुम्ही तिचं शौर्यच काढून घेता!”

“शौर्य ठेवा. कारण पण ठेवा.”

तुम्ही सांगायचात, लहानपणी शाळेत बाई शिकवायच्या ती तलवारवाली मूला. बक्षीस समारंभाला पाहुणे येऊन तिचं नाव घ्यायचे, मुलींनो तिच्यासारख्या व्हा म्हणायचे. आणि स्वयंपाकघरात तुमची आजी सांगायची ती कापडवाली. तीही हळू आवाजात, फक्त मुलींना, वयात आल्यावर, धाक घालायला: बघ, नेमकं त्या वेळी आलं की काय होतं. एकाच बाईचे दोन तुकडे, आणि दोन्ही तुकडे एकत्र कुणी एका खोलीत आणलेच नाहीत. मी तिसरा तुकडा केला. सुताचा.

एकदा शेंगा सोलतानाच तुम्ही विचारलंत. “त्या घरात दुसरी बाई नव्हती? सासू, जावा, दासी? आसामच्या घरात माग नाही असा घर नाही. एकीला तरी वाटला पाहिजे होता ना, की हिला जमत नाही तर आज मी विणते. का नाही विणला कुणी? आणि हा प्रश्न आजपर्यंत कुणी का नाही विचारला?”

मी म्हणाले, “रीत बायकोचीच असेल.”

“हो. दोष द्यायची पण रीतच.”

त्या वर्षीच्या दिवाळीत कार्यक्रम लांबला, माझी पाळी आलीच नाही. बघा, इथेही तो शब्द मला बिनधास्त वापरता येतो, नंबर लागणे या अर्थाने असला की. पुढच्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, काकू, यंदा काहीतरी हलकंफुलकं. मग साथीची वर्षं आली, सभागृहच बंद. मग माझा घसा बसला. घसा खरंच बसला होता, पण किती बसला होता ते त्यालाच माहीत. दर दिवाळीला तुम्ही ती हिरवी मेखला-चादर नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसायचात. मी तुमच्याकडे बघायचं टाळायची आणि आयत्या वेळी उखाणे नाहीतर भोंडल्याचं गाणं म्हणून खाली उतरायची. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत, भांडला असतात, तर मी चिडून तरी सांगून टाकलं असतं. तुमच्या सभ्यपणाचा मला फार त्रास झाला, विहीणबाई, हे आज सांगून ठेवते.

मग तुमचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात डॉक्टर हळूहळू, आदराने, लांबलचक वाक्यांत बोलत होते, आणि अनू त्याचं मराठी करून आपल्याला सांगत होती. कॉलेजात गेलेली पोर, तुम्हाला तुमच्या आसामीतच आजी, म्हणजे आइता, म्हणायची. डॉक्टर बराच वेळ बोलले आणि तिचं मराठी दोन वाक्यांत संपलं. “आइता, औषध आहे. आराम करायचा आहे.” तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. म्हणालात, “तुमच्यावर गेली.” अनूला वाटलं, कौतुक आहे. मला कळलं. मधलं गाळून सांगायला तिला घरातच शिकायला मिळालं होतं.

शेवटची भेट काही सुंदर वगैरे नव्हती. मी डब्यात मऊ खिचडी नेली होती आणि तुम्ही म्हणालात, हिंग फार आहे. मी म्हणाले, इतकी वर्षं खाताय, आजच कळलं? तुम्ही म्हणालात, इतकी वर्षं सांगितलं नाही. मग थोडा वेळ आपण दोघी खिडकीबाहेरची पार्किंगची जागा बघत बसलो. आणि तुम्ही विचारलंत, “दिवाळी कधी आहे यंदा?”

मला बरोबर कळलं होतं काय विचारताय ते. तिथेच, त्या पलंगाशी बसून सांगता आली असती गोष्ट. स्टेज लागत नव्हतं, माईक लागत नव्हता. पलीकडच्या पलंगावरच्या जपानी बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. मी म्हणाले, “लांब आहे अजून. तोपर्यंत खडखडीत बऱ्या व्हाल.” आणि डबा धुवायला उठले.

इथल्या स्मशानात दहन झालं की हाडं चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवायची असतात, दोघांनी मिळून, एकाच वेळी एकच हाड धरून. तिथला माणूस पांढरे हातमोजे घालून समजावून सांगत होता, कुठलं हाड आधी, कुठलं नंतर, पाय आधी, डोकं शेवटी. आपल्याकडे हे असं नसतं, पण इथे भट नव्हता आणि तो माणूस इतक्या आदराने सांगत होता, की आम्ही तसंच केलं. बर्नाली आणि अनूने उचललं. मग बर्नालीने मला बोलावलं. माझ्या चॉपस्टिक धरायच्या पद्धतीला तुम्ही कायम हसायचात. चाळीस वर्षं या देशात राहून बाइदेउला नूडल धरता येत नाही म्हणायचात. त्या दिवशी धरता आलं. घसरलं नाही. मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगायचं ते तुम्हालाच.

आणि मग मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही वाघीण झालात. ‘आसामची वाघीण गेली.’ ‘शेवटच्या श्वासापर्यंत झुंज.’ कुठली झुंज? तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात, फार सुया नकोत, मला झोपू द्या. तुम्ही झोपलात. हे कुणाला चालत नाही. बाई मेली की तिच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं, तलवार नाहीतर चरखा. शोकसभेला स्लाइड शो केला होता, त्यात कुणीतरी हातमागावर बसलेल्या आसामी बाईचं चित्र घातलं होतं, इंटरनेटवरून काढलेलं. खाली लिहिलं होतं, ‘नात्यांचे धागे विणणारी’. तुम्हाला! तुम्हाला धड बटण लावता येत नव्हतं. अनूच्या युनिफॉर्मच्या स्कर्टची शिलाई उसवली, तर तुम्ही स्टेपलर मारून दिला होतात. मागाचा तर तुम्हाला लहानपणापासून संताप होता. ‘माझ्या आईची कंबर त्यानेच गेली,’ म्हणायचात. तुम्हाला नकाशे आवडायचे. फुनाबोरी स्टेशनपाशी परिसराचा नकाशा लावलाय त्याच्यासमोर उभ्या राहून तुम्ही पूर आला तर पाणी कुठून कुठे जाईल, ते सांगायचात. त्याची स्लाइड नव्हती.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी पैठणी नेसले नव्हते. माईक घेतला आणि म्हणाले, “मी काही वर्षांपूर्वी इथे एक गोष्ट चुकीची सांगितली होती. ती आज नीट सांगते.”

सांगितली. सूत भरपूर होतं, इथपासून. तिची पाळी आली होती, म्हणून तिला मागाला शिवू दिलं नाही, असं सरळ म्हणाले. घरात इतर बायका होत्या आणि एकीनेही विणलं नाही, हेही म्हणाले. तुमचं नाव घेतलं नाही. खिडकी, होडी, नणंद, काही सांगितलं नाही. ते तुमचं होतं. दुसऱ्या रांगेतल्या एका छोटीने आईला विचारलं, “पाळी म्हणजे?” आईने तिच्या हातात रसाचा डबा दिला. मागे कुणीतरी फोनमध्ये बघत होतं. वॉर्डाचे पाहुणे याही वेळी होते, दुसरे कोणी असतील, मान तशीच हलवत होते.

आणि झालं. छप्पर पडलं नाही. कुणी उठून गेलं नाही. खाली उतरल्यावर एक तरुण मुलगी हात धरून म्हणाली, “काकू, एकदम बोल्ड हं!” दुसरीने समोसे घ्यायला लावले. एवढंच होतं ते? एवढ्या शब्दासाठी मी तुम्हाला इतक्या दिवाळ्या पहिल्या रांगेत बसवून ठेवलं? अवघड असतं तर बरं झालं असतं हो. अवघड होतं म्हणून राहून गेलं, असं तरी म्हणता आलं असतं.

सगळे गेल्यावर घरची माणसं खुर्च्या आवरत होतो. अनू एकावर एक खुर्च्या रचत होती. तुम्ही गेल्यापासून ती घरात फारसं बोलली नव्हती, आणि बोलली तर जपानीत. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, ऐकलीस ना गं नीट? आइताची गोष्ट अशी होती, सुताची नव्हती. मला वाटतं, माझ्या आवाजात थोडी फुशारकी होती. कामगिरी उरकून आल्यासारखी. तिने हातातली खुर्ची रचली, ओळ सरळ केली, आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली:

“आजी, खरी गोष्ट आता मला कळली. पण मी कधी कुणाला सांगायला लागले ना, तर तोंडातून ती आधीचीच येणार.”